गालिचा कुणाचा?

बिश्केकच्या दलालांमध्ये एर्मेकचं नाव चांगलं होतं. तो खोटं कधी बोलत नसे. विचारलं तेवढंच सांगायचं, आणि लोकांनी फार विचारू नये अशी व्यवस्था करायची, हे त्याचं तत्त्व.

जानिशच्या फ्लॅटचा सौदा त्याने असाच जमवला. मागच्या खोलीची भिंत ओल धरून काळी पडली होती. एर्मेकने जानिशला थोरल्या भावासारखी हाक मारून सुचवलं, "बाइके, आईचा गालिचा काढा की पेटीतून! टांगा इथं."

आता भिंतीवर टांगलेला दुसऱ्याचा गालिचा उचलून मागे डोकावणं, म्हणजे पाहुण्याने यजमानाची पेटी उघडण्यासारखं. गिऱ्हाईक गुलबारा पडली रीतभात सांभाळणारी बाई. तिने गालिच्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि विचारलं, "हा घराबरोबरच राहील ना?"

"या भिंतीला तोच शोभतो की, एजे!" ताई म्हटल्यासारखं तो गोड बोलला, आणि गुलबाराने तो होकारच धरला.

जानिशला मात्र त्याने सांगून ठेवलं होतं, सही झाली की घेऊन जा.

सहीच्या आधीच जानिश गालिचा नेणार हे गुलबाराला कळलं आणि भांडण पेटलं. गुलबारा म्हणे, शब्द दिलाय. जानिश म्हणे, आईच्या हातचं विणकाम, मेलो तरी देणार नाही. प्रकरण मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांच्या पंचायतीकडे गेलं. पंच थेट त्या खोलीतच येऊन बसले. प्रमुख होत्या आयिमकान अपा. अर्ध्या मोहल्ल्याला त्यांनी शाळेत शिकवलेलं.

एर्मेक बाहेरचा, म्हणून त्याला दारापासून लांबची मानाची जागा मिळाली. ती नेमकी त्या भिंतीला लागून. मानाला नाही म्हणता येत नाही. चहाचा दुसरा प्याला येईस्तोवर त्याच्या पाठीत गारवा शिरला.

"अपा, गालिचा शोभेला नकोय मला," गुलबारा म्हणाली. "आईला दमा आहे. तिची खाट इथंच लावणार. तेवढीच ऊब."

एर्मेकने प्याला खाली ठेवला.

"दलालसाहेब, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" अपांनी विचारलं.

"दोघांच्याही."

"म्हणून दोघांना दोन शब्द दिलेत?"

एर्मेक सवयीने बोलून गेला, "मी खोटं बोललो नाही, अपा! मला कुणी विचारलंच नाही!"

"काय विचारलं नाही, बाळ?"

जानिश पायमोज्यांकडे बघत बसला. एर्मेकला ती खाट दिसली, खाटेवर धापा टाकणारी म्हातारी दिसली.

"भिंत ओली आहे!" तो ओरडलाच. "गालिचा मीच टांगायला लावला!"

गुलबारा उठून उभी राहिली. "आणि आई इथं झोपली असती?"

एर्मेकने कबुलीची मान हलवली.

अपांनी आवाज चढवला नाही. "जिथं माणूस रीत म्हणून विचारत नाही, तिथंच तू आधी बोलायचंस. दलाली कशाची घेतोस? दार उघडण्याची? ते काय, किल्लीनेही उघडतं! आणि दोघांचा माणूस व्हायचं, तर दोघांना एकच गोष्ट सांगायची."

जानिशने गालिचा खाली उतरवला. मागची बाजू बुरशीने पांढरी झाली होती. "बरं झालं बाबा सुटलो!" तो पुटपुटला. "रोज वाटायचं, आईलाच ओलीत उभं केलंय."

पंचांनी ठरवलं: भिंतीतला गळका पाइप जानिशने बदलायचा, मिस्त्री एर्मेकने आणायचा, भिंत सुकेपर्यंत सही नाही. गुलबाराने मान डोलावली, पण एर्मेकला तिसरा चहा काही ओतला नाही. तरीही जिना उतरताना त्याला इतकं हलकं वाटलं, की तो जानिशच्या शेजारणीची पिशवी उचलून पुन्हा चौथ्या मजल्यापर्यंत चढून गेला.

वाचकहो, न विचारलेल्या प्रश्नाआड लपलेला माणूस खोटारडा ठरत नाही, एवढ्यावर आपण सगळेच समाधान मानतो. पण कुणी आपल्या भरवशावर घर घेतं, तेव्हा आपलं गप्प बसणंही त्याला दिलेला शब्दच असतो. तो खरा असावा!