वर की खाली

भोंगा वाजला तेव्हा चष्मेवाला जेवून नुकताच आडवा झाला होता. दुपारी दोन तास चष्म्यांचं दुकान बंद, त्यामुळे घरात तो आणि सासूबाई अशी दोघंच. बायको इस्पितळात नर्स. आणीबाणीची तयारी सगळी तिनेच करून ठेवलेली. दाराशी भरलेली पिशवी, आणि दोघांकडून घोकून घेतलेलं: पूर आला तर गच्चीवर, भूकंप झाला तर खाली मैदानात. आता भोंगा कशाचा, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"जावईबापू, सराव असेल हो."

"सराव सोमवारीच झाला की, आई."

"मग पूर?"

बाहेर लख्ख ऊन. नदी शहाण्यासारखी आपल्या पात्रातून वाहत होती. टेबलावरचा पाण्याचा पेलाही हलला नव्हता. तरी भोंगा काही थांबेना. त्याने पिशवी पाठीला अडकवली, सासूबाईंचा दंड धरला आणि दोघं जिन्यात आली.

तिथे आणखीच घोळ. खालच्या मजल्यावरचे मास्तर धापा टाकत वर चाललेले, वरची शिंपीण कापडाचं गाठोडं कवटाळून खाली.

"मास्तर, वर कशाला?"

"सगळे वरच चाललेत."

"सगळे म्हणजे कोण?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

चष्मेवाला चार पायऱ्या चढला, थबकला, परत उतरला. सासूबाईंनी सरळ पायरीवर बसकण मारली. "आधी तुम्ही नक्की ठरवा. हे गुडघे एकदाच उठणार."

दिवसभर गिऱ्हाइकांना 'हे स्पष्ट दिसतं की ते?' असं विचारणारा माणूस, पण आता त्याला स्वतःलाच काही दिसेना. डोळे खरोखरच चुरचुरायला लागले होते. नाकात काहीतरी उग्र शिरलं. तेवढ्यात फोन वाजला.

"बर्फाच्या कारखान्यातून अमोनिया वायू सुटलाय," बायको ओरडत होती. "खिडक्या लावा, घराबाहेर पडू नका! कुठे आहात?"

"जिन्यात."

"जिन्यात काय करताय?"

त्याने मास्तरांना आणि शिंपिणीला हाका मारल्या, सासूबाईंना जवळजवळ उचललंच आणि सगळ्यांना आपल्या घरात घेतलं. खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले. मास्तर खोकून खोकून लाल झाले. संध्याकाळी हवा निवळल्याचं जाहीर झालं, तोवर चौघं ओल्या रुमालांनी डोळे पुसत बसली होती.

बायको आली. प्रत्येकाचे डोळे धुऊन झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय गं, तुम्हाला तिथे लगेच कळलं असेल ना?"

ती खुर्चीत टेकली. "कसलं कळतंय! आम्ही निम्मे पेशंट मैदानात काढले होते. नंतर पुन्हा आत घेतले."

शिंपीण हसायला लागली. मग मास्तर. चष्मेवाल्याला मात्र हसावं की रडावं, ते कळेना.