अर्धा तंबू आणि भरलेले तळे

मी एक जुना तंबू आहे, मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर अर्धाच. उरलेला अर्धा कुठे आहे, हे ऐकल्याशिवाय मी तुम्हाला उठू देणार नाही.

माझा जन्म लष्करासाठी झाला. जाड सुती कापड, वरून मेणाचा हात आणि कडेला पितळी कड्या, असा माझा थाट होता. पण लढाई संपली आणि माझी घडी कोणी उलगडलीच नाही. मी गोदामात धूळ खात पडलो. सत्तेचाळीस साली एका लिलावात ताजुद्दीन सुतारांनी मला घेतले आणि माझ्याबरोबर एक लष्करी लॉरीही.

ताजुद्दीन बोर्ली पंचतनचे. उभा जन्म त्यांनी जहाजांवर सुतारकी केली होती. काम सोडले तरी त्यांचा पाय एका जागी ठरेना. त्यांनी लॉरीच्या पाठीवर लाकडी खोली बांधली. तिच्यात निजायला फळ्या, भिंतीला मिटणारे टेबल, स्टोव्हसाठी कोनाडा, सगळे होते. त्यांच्या पत्नी जहुरा हसून म्हणाल्या, "नोकरी सुटली, पण जहाज काय तुमच्या डोक्यातून जात नाय." सुट्टी लागली की ते दोघे आणि त्यांची लेक शहनाज या फिरत्या घरातून निघत. मुक्कामाला मी उभा राहायचो. काशीदच्या वाळूवर समुद्र पाहिला, तो मला आवडला, पण तो सदा घाईत. मग त्रेपन्न सालच्या दिवाळीत मी तळे पाहिले.

डोंगराच्या पायथ्याशी तळवाडी नावाची वस्ती होती आणि तिच्या वरच्या अंगाला ते तळे. काठोकाठ भरलेले. एवढे पाणी आणि आवाज म्हणून नाही. अख्खा डोंगर त्यात उलटा उभा होता, आणि एक बगळा त्या डोंगरावरून चालल्यासारखा चालत होता. मी लष्करी कापड, मला सहसा काही वाटत नाही. पण त्या सकाळी मी बावरलो. हे एवढे पाणी थांबले आहे कशाने, हेच मला कळेना.

ते थांबले होते मातीच्या एका बांधाने. बांधाखाली भाताची शेते होती, कापणी चालू होती, आणि शेतांच्या पलीकडे खाडी. गावच्या विहिरी उन्हाळ्यात खारट होत. पावसापर्यंत सगळ्या गावाला आणि गुरांना प्यायला गोडे पाणी एवढेच.

ताजुद्दीननी लॉरी खाली जांभळाच्या झाडाशी लावली आणि तंबूसाठी बांधाचा माथा पसंत केला. सपाट जागा, वर मस्त वारा. शेजारच्या शेतात कापणी करणाऱ्या आवडाबाई विळा घेऊन वर आल्या. बांधाची राखण त्यांच्या घराकडे होती.

"राव्हा की, भाय," त्या म्हणाल्या. "पन बांधावर पायताण चालत न्हाय हां."

ताजुद्दीननी ताबडतोब चपला काढल्या. कोणाच्याही श्रद्धेचा मान राखणारा माणूस. आणि मग त्याच अनवाणी पायांनी उभे राहून त्यांनी माझ्या आठ लोखंडी मेखा हात-हातभर खोल ठोकल्या. जहाजावरच्या माणसाला घट्ट बांधलेले तेच सुरक्षित वाटते. गावात कोणी गाय बांधायलासुद्धा त्या बांधात खुंटी मारत नसे. पायताण काढायचे ते त्यासाठीच, की माणसाने तिथे जपून चालावे.

पाण्याकडच्या एका मेखेच्या टोकाला ओल लागली. तिथे खेकड्याचे जुने बीळ होते. मला ते जाणवले, मित्रांनो, पण तंबूला तोंड नसते.

तिसऱ्या दिवशी सकाळी शहनाज बांधाखाली उतरली आणि तिथूनच हाक मारली. बांधाच्या पायथ्यातून बोटाएवढी धार येत होती आणि तिचे पाणी गढूळ होते. जहुरा धावत आवडाबाईंकडे गेल्या. आवडाबाईंनी धार पाहिली, विळा खाली टाकला आणि एकच शब्द ओरडल्या, "खांड!"

बांधाला भगदाड पडू लागले की हा शब्द ओरडायचा, आणि ज्याच्या कानी पडेल त्याने हातातले काम टाकून टोपली घेऊन यायचे, अशी तिथली रीत. बघता बघता सगळे शेत रिकामे झाले. भांडलेली घरेसुद्धा एका रांगेत उभी राहिली. चिखलाचे गोळे हातोहात येऊ लागले. पण धार मनगटाएवढी झाली, चिखल वाहून जाई, पेंढ्याच्या पेंढ्या वाहून जात. खाली कापलेले भात पसरले होते. वर वर्षाचे पाणी होते.

"खालून न्हाय थांबत," आवडाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता.

ताजुद्दीन पाण्याकडे पाहत होते. एका जागी वाळके पान गरागरा फिरत होते. "तोंड तिथं आहे," ते म्हणाले. "जहाजाला भोक पडलं की आम्ही बाहेरून शीड लावतो. पाणीच त्याला दाबून धरतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग सुरी काढून मला मधोमध फाडले. दुखले का, असे विचाराल, तर हो, दुखले.

माझ्या अर्ध्या भागाला पेंढा टाचला, खालच्या कड्यांना दगड बांधले, आणि दहा जणांनी दोर धरून मला पाण्यात सोडले. पाण्याने मला असे ओढले, की जणू ते माझीच वाट पाहत होते. मी त्या तोंडावर जाऊन बसलो. एवढे थोरले तळे माझ्यावर रेलले. आयुष्यात प्रथमच मी कोणाला तरी खरोखर आडवा आलो होतो.

धार बारीक झाली. मग थेंब. मग तेही नाही. बायकांनी माझ्यावर चिकणमातीचा थर चढवला.

"खेकड्यांनी केलंन," रांगेतला तुळशीराम म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. ताजुद्दीन गप्प राहिले असते तर कोणाला काही कळले नसते. पण ते चिखलातून पुढे आले. "खेकड्यांनी नाही. मेखा मी ठोकल्या."

 मग आवडाबाई कपाळावरचा चिखल पुसत म्हणाल्या, "चूक आमची पन हाय, भाय. पायताणाचं सांगितलं, खुटीचं न्हाय. आमाला वाटलं, ते कुनाला सांगावं लागतं का?"

पुढे दर दिवाळीला लॉरी आली, पण सगळा मुक्काम राहिला तो खाली जांभळाशी, माळावर. आल्या आल्या तिघेही पहिली टोपली मातीची बांधावर टाकत. मला लॉरी आणि जांभळाच्या मध्ये नुसत्या दोरीने बांधत. पाहुणे म्हणत, एवढासा कसा तंबू? शहनाज बांधाकडे बोट दाखवी.

आता एकोणीसशे साठ साल उलटून गेले आहे. लॉरी गंजली, ताजुद्दीन थकले, आणि मला घराच्या माळ्यावर उंदरांनी कुरतडले. माझी तक्रार नाही. मित्रांनो, पाण्याकाठी मुक्कामाला जरूर जा, पण मेख ठोकण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, की ही माती इथे काय काम करते आहे. आणि त्याने सांगितलेली एक गोष्ट ऐकून थांबू नका, दुसरीही विचारा.

मी माळ्यावर कोरडा पडून आहे. पण पावसाळा संपला की मला ओल जाणवते. तळवाडीचे तळे पुन्हा भरलेले असते आणि माझ्या अर्ध्या अंगावर रेलून उभे असते.