अंगदचा हसरा फोटो

लग्नात नवरीला “जरा हसा” म्हणून म्हणून माझी जीभ झिजली आहे. गल्हाटी नदीवरच्या नव्या पुलाच्या स्लॅबचे फोटो काढायचं काम मिळालं तेव्हा मी खूश झालो. काँक्रीटला हसवावं लागत नाही. पुलाचं कंत्राट घेतलेल्या गुत्तेदाराला फाइलसाठी सगळं हवं होतं: गाडी आली, माल पडला, नीडल फिरली. नीडल म्हणजे ओल्या काँक्रीटात बुडवून ते दाबून बसवणारी, थरथरणारी नळी. त्या दिवशी ती अंगदच्या हातात होती. अंगद माझ्याच गावचा, शहागडचा. त्याचा जोडीदार तापानं घरी पडलेला, म्हणून नीडल धरणारा तो एकटाच.

स्लॅबच्या दिवशी सुपरवायझर राधेश्याम मजुरांचे मोबाइल काढून पेटीत ठेवायचा. मागच्या वेळी एकाचा मोबाइल मालात पडला आणि तो शोधायला दहा जण थांबले, तेव्हापासूनचा हा नियम. म्हणून अंगदच्या थोरल्या बहिणीनं, दैवशालानं, अकरा वाजता मला फोन लावला.

“भारत, मायचं काही खरं न्हाई. अंगदला जल्दी धाड. त्याचंच नाव घेऊन राह्यली.”

अंगदची आई, द्वारकाकाकू, महिनाभर अंथरुणाला खिळून होत्या. मी लगेच राधेश्यामकडे गेलो, एवढं माझ्या बाजूनं सांगून ठेवतो. त्यानं मानसुद्धा वळवली नाही. म्हणाला, नीडल थांबली तर स्लॅबात पोकळ्या राहतील आणि गाड्या तर रांगेत उभ्या आहेत. अर्ध्या तासाचा तर रस्ता आहे, मी म्हणालो.

“त्याला सांगायचं न्हाई,” राधेश्याम म्हणाला. “सांगितलं तर पळंल. मंग तूबी उद्यापासून दिसू नको.”

पुढच्या दोन पुलांचे फोटो मीच काढणार होतो. मी गप कॅमेरा उचलला. राग राधेश्यामचा यायला हवा होता. मला आला दैवशालाचा, तिनं मलाच कशाला फोन केला म्हणून.

बाराला तिचा परत फोन. सांगितलंस का, म्हणाली. सांगितलं, मी म्हणालो. स्लॅब संपला की येतो म्हणाला. मग ती म्हणाली, त्याचा एक आत्ताचा फोटो तरी पाठव, मायला दाखवते.

मला हायसं वाटलं. आईला लेकाचं तोंड दिसेल आणि माझंही ओझं उतरेल. गमबूट घालून मालात उभा असलेला अंगद उन्हानं त्रासलेला दिसत होता. तसला फोटो कसा पाठवायचा? सवयीनं ओरडलो, “हास की रे!” मशीनच्या आवाजात त्याला काही कळेना. तीनदा ओरडलो, शेवटी ओठांपाशी बोटं नेऊन दाखवलं. तेव्हा तो हसला, सगळे दात काढून. फोटो फार छान आला. लगेच पाठवून दिला.

पावणेदोनला दैवशालाचा मेसेज आला. माय गेली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी फोटो काढत होतो. त्यातल्या कितीतरी फोटोंत अंगद आहे. एकही हललेला नाही.

पाचला स्लॅब संपला. राधेश्यामनं अंगदला मोबाइल परत दिला आणि आईचं जास्त झालंय, घरी जा म्हणाला. मी त्याला मोटारसायकलवर घेतलं. मागं बसून तो विचारत होता, सलाइन लावली असंल का. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

काकूंना आंघोळ घालून अंगणात ठेवलं होतं. अग्नी द्यायला लेकाचीच वाट बघणं चाललेलं. अंगद आईच्या पायांवर कोसळला. दैवशालानं त्याला उठवलं नाही. तिनं मोबाइल त्याच्या तोंडापुढं धरला.

“अंगदला निरोप गेला, असं मी मायला सांगितलं व्हतं. मंग हा फोटो दाखवला. म्हणली, मी मरून राह्यले अन् हा हसतो का? भिंतीकडं तोंड केलं, ते पुन्हा वळवलंच न्हाई.”

“मला कुणी सांगितलं?” अंगद म्हणाला.

“भारतनं. सकाळीच.”

अंगणातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. अंगदही. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. माझी लाज मला त्याच्यापेक्षा प्यारी होती.

“सांगितलं व्हतं की,” मी म्हणालो. “तीनदा वरडलो.”

अंगदनं आठवून पाहिलं. मी ओरडताना त्याला दिसलोच होतो. त्यानं बहिणीचे पाय धरले.

“मशीनचा आवाज लई व्हता, आक्का. मला वाटलं, हास म्हणून राह्यला.”