दीपकरावांची बिनब्रेकची जोडी

मित्रांनो, मी एक जुनी जोडी आहे. चपलांची नव्हे, साध्या बुटांचीही नव्हे. मी इनलाइन हॉकीच्या स्केट्सची जोडी आहे. बुटाखाली एका ओळीत चार चाके, घोट्याच्या वरपर्यंत कडक कवच आणि बाजूला चंदेरी पट्टा असे माझे रूप. तो पट्टा आता बराच खरवडला गेला आहे आणि डाव्या बुटाची जीभ एका बाजूला कलली आहे. तरीही नाशिकच्या आमच्या स्केटिंग रिंकवर नवीन मूल आले की ते आधी माझ्याकडे बोट दाखवते आणि विचारते, "हे केवढ्याचे?" किमतीवरून माझी ओळख व्हावी, हे मला पूर्वी फार आवडायचे.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथे प्रत्येक चाक फिरवून पाहिले जाई आणि प्रत्येक शिवण ओढून. वजनाने हलकी आणि वळणावर चपळ अशी मी तयार झाले. माझ्या खोक्यावर एका खेळाडूचे चित्र होते. तो इतका झुकला होता की त्याचा हात जवळजवळ जमिनीला टेकला होता. खोक्याच्या अंधारात मी ठरवून टाकले की मला असेच पाय मिळणार.

मला मिळाले ते दीपकरावांचे पाय.

आडगाव नाक्याजवळ दीपकरावांचे फवारणीच्या पंपांचे दुकान आहे. द्राक्षबागायतदारांची तिथे सतत ये-जा असते. दीपकरावांची मुलगी तृप्ती लहानपणापासून हॉकी खेळते. रविवारी सकाळी मुले सराव करायची आणि आईवडील कठड्यावर बसून चहा प्यायचे. एकदा प्रशिक्षक गोरक्ष सर म्हणाले, "बसून काय करताय? उतरा की आत." त्या दिवशी गंमत म्हणून उतरलेले पालक पुढे दर रविवारी खेळू लागले. मग एक प्रथाच पडली. दसऱ्यानंतरच्या रविवारी पालक विरुद्ध मुले असा सामना व्हायचा आणि दरवर्षी मुले जिंकायची.

हरण्याचे दीपकरावांना काही वाटत नसे. त्यांना वेगळीच गोष्ट टोचत होती. मी येण्याच्या आदल्या वर्षीच्या सामन्यात त्यांच्या काठीपाशी पक आला होता. पक म्हणजे आमच्या खेळात चेंडूऐवजी असते ती चपटी चकती. समोरून तृप्ती वाऱ्यासारखी येत होती. वडिलांना पाहताच ती ताठ झाली, तिने वेग कमी केला आणि बाजूने निघून गेली. लोकांनी दीपकरावांसाठी टाळ्या वाजवल्या. घरी गेल्यावर त्यांनी विचारले, "मुद्दाम सोडलंस ना मला?"

"पप्पा, तुम्हाला लागलं असतं," तृप्ती सहज म्हणाली.

ते वाक्य दीपकरावांच्या मनातून जाईना. पुढच्या दसऱ्याचा सामना झाला की नंतरच्या जूनमध्ये तृप्ती शिकायला पुण्याला जाणार होती. म्हणजे नाशिकच्या मुलांच्या संघातून तिला आता एकच सामना खेळायचा होता. "ललिता," ते बायकोला म्हणाले, "जिंकायचं नाही मला. पण एकदा तरी तिने मला पाहून वेग कमी करू नये."

"मग सराव करा," ललिताताई म्हणाल्या.

दीपकरावांनी सराव केला नाही. त्यांनी मला मागवले.

खोके उघडले तेव्हा घरात पेढे वाटले गेले. मला मान मोठा मिळाला, पण पहिल्याच दिवशी घोळ लक्षात आला. मागवताना दीपकरावांनी आपल्या रोजच्या बुटाचा नंबर कळवला होता. त्यांचे पाय माझ्या आत पोहत होते. मला घालून ते रिंकवर उतरले, जोरात निघाले आणि समोरचा कठडा जवळ येताच त्यांनी सवयीने उजवी टाच दाबली. आधी ते क्लासचे साधे स्केट्स घालायचे, त्यांना टाचेमागे रबरी ब्रेक होता. मला तो नाही. दीपकराव थेट कठड्यावर जाऊन आदळले आणि ओल्या टॉवेलासारखे तिथे लटकले.

"सर, याचा ब्रेक कुठंय?" लटकूनच त्यांनी विचारले.

"हॉकीच्या चांगल्या स्केट्सना ब्रेक नसतो," गोरक्ष सर म्हणाले. "पाय आडवा घालून थांबायचं असतं. आणि नंबर कोणता घेतलात? हे बुटापेक्षा लहान घ्यायचे असतात."

"एवढे पैसे मोजले आणि ब्रेकच नाही?"

खंडेराव गोलपाशी उभे होते. ते सायखेड्याचे बागायतदार. नातवाला इथल्या क्लासला सोडायला यायचे आणि पालकांच्या संघाचे गोलरक्षक म्हणून उभे राहायचे. ते म्हणाले, "दीपकशेठ, माझ्या ट्रॅक्टरला ब्रेक हाय, नातवाच्या सायकलला हाय. तुमच्याच बुटाला नाय? लय भारी सौदा केला राव!"

रिंकच्या सिमेंटवर माझी चाके घासली गेली होती, त्यामुळे मला परत पाठवता येत नव्हते. तृप्तीने सुचवले, "पप्पा, थोडे दिवस क्लासचे साधे स्केट्स घाला. थांबायला शिका, मग हे घाला."

"दारात नवी गाडी असताना रिक्षाने जाऊ?" दीपकराव म्हणाले. त्यांनी दोन मोजे एकावर एक चढवले आणि माझ्या लेस आवळल्या.

त्या दिवसांबद्दल मी तुम्हाला खरे तेच सांगते. माझ्यामुळे दीपकराव वेगवान झाले नाहीत. माझे कवच कडक आहे. गुडघे वाकवून पुढे झुकणाऱ्याला ते साथ देते, पण दीपकराव गल्ल्यामागे उभे राहावे तसे ताठ उभे राहायचे. माझी चाके बंदिस्त सभागृहाच्या गुळगुळीत फरशीसाठी मऊ बनवली होती. आमच्या खरबरीत सिमेंटवर ती खोडरबरासारखी झिजू लागली. साध्या जोडीने जे काम केले असते, त्याहून फारसे जास्त मी करत नव्हते.

एक गोष्ट मात्र माझ्यामुळेच घडली. एवढी महागाची वस्तू पडून राहणे दीपकरावांच्या जिवाला लागायचे. म्हणून पूर्वी फक्त रविवारी येणारा हा माणूस दुकान उघडण्याआधी अधूनमधून रिंकवर येऊ लागला. तो पडायचा, उठायचा, कपडे झटकायचा, पुन्हा पडायचा. हळूहळू दीपकरावांचे गुडघे वाकू लागले. पावसाळा संपता संपता त्यांना डावीकडे पाय आडवा घालून थांबता येऊ लागले. उजवीकडे मात्र कठडाच थांबवायचा! सराव संपला की ते मला कोरड्या फडक्याने पुसायचे आणि गाडीत पुढच्या सीटवर ठेवायचे. ललिताताई बरोबर असल्या तर त्यांच्यासाठी मागचीच सीट उरे. "मी बसू मागे? आधी ही सवत मागे जाऊ दे," असे म्हणत त्या मला उचलून मागे टाकायच्या आणि हसायच्या. मित्रांनो, इतके प्रेम कोणत्याही अव्वल खेळाडूने मला दिले नसते.

मग खंडेनवमी आली. तुमच्याही घरी त्या दिवशी अवजारांची पूजा होत असेल. दीपकरावांच्या दुकानात नटबोल्टचे पाने, पक्कड, पंप, तराजू, सगळे धुऊनपुसून मांडले जाते. गाडीलाही अंघोळ घालतात. "यंदा माझं खरं हत्यार हेच," असे म्हणत दीपकरावांनी मला अंगणात आणले आणि एचटीपी पंप सुरू केला. एचटीपी म्हणजे द्राक्षबागेत औषध फवारण्याचा जोरदार पंप. त्याची धार माझ्या चाकांवर पडली आणि सगळी धूळ निघून गेली. धुळीबरोबर आतले वंगणही गेले.

माझ्या प्रत्येक चाकाच्या पोटात बेअरिंग असते. पोलादी गोळ्यांची ती लहानशी कडी असते आणि वंगणावरच ती फिरते. तिच्यात आता पाणी शिरले होते. पण खरे सांगू? मला त्याची जाणीवच झाली नाही. माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडली. ललिताताईंनी मला हळदकुंकू लावले आणि विचारले, "अहो, गाडीसारखं हिच्याही चाकाखाली लिंबू ठेवायचं का?" दीपकरावांनी गंभीरपणे चाके मोजून पाहिली आणि ते म्हणाले, "प्रत्येक चाकाला एक म्हटलं तर सरबत करायला लिंबू उरणार नाही. दोनच ठेव." त्या दिवशी घरात माझ्याएवढे नटलेले कोणी नव्हते.

पूजेनंतर मला पिशवीत घालून चेन लावली गेली. द्राक्षांची छाटणी सुरू झाली होती. दुकानात पंपांसाठी रांगा लागल्या आणि सामन्याच्या सकाळपर्यंत पिशवी कोणी उघडलीच नाही.

रिंकवर दीपकरावांनी मला बाहेर काढले आणि चाकाला बोट लावले. चाक हलले नाही. दुसरेही हलले नाही. कडांतून तांबूस पाणी सुकल्याचे डाग दिसत होते.

गोरक्ष सरांनी मला उलटे धरले. "पाणी मारलंत?"

"खंडेनवमीला धुतले."

"कशाने?"

"एचटीपीने."

सगळे रिंक हसले. खंडेराव पॅड बांधता बांधता ओरडले, "बुटावर भुरी पडली होती का काय, दीपकशेठ?" भुरी हा द्राक्षांवरचा रोग. दीपकरावही हसले, पण त्यांचा चेहरा मला जवळून दिसत होता. वर्षभर ज्यासाठी धडपड केली तो दिवस आला होता आणि मी दगडासारखी पडून होते. "मी बाहेर बसतो," ते हळूच म्हणाले. "खेळा तुम्ही."

तृप्तीने ते ऐकले. ती सामानाच्या खोलीत गेली आणि क्लासचे स्केट्स घेऊन आली. पोपटी रंग, झिजलेले पट्टे, टाचेमागे रबराचा ठोकळा.

"घाला."

"हे?"

"पप्पा, सराव तुम्ही केलाय. बुटांनी नाही. घाला पटकन, शिट्टी व्हायचीय."

मी बाकावर बसून सामना पाहिला. ते पोपटी स्केट्स दीपकरावांच्या पायाला नीट बसले होते. मोजा एकच होता. गुडघे आपोआप वाकत होते. माझ्या कडक कवचात ते जे शिकले ते त्यांच्या अंगात राहिले होते, आणि आता त्यांचे पाय आत घसरतही नव्हते. मला वाईट वाटले का? थोडे वाटले. पण त्यांना कठड्याला हात न लावता वळताना पाहिले आणि मला माझ्या झेंडूच्या माळेपेक्षा जास्त आनंद झाला.

शेवटची काही मिनिटे उरली. मुले नेहमीप्रमाणे पुढे होती. खंडेरावांनी पायाने अडवलेला पक दीपकरावांकडे आला. त्यांनी तो काठीला लावला आणि ते निघाले. समोरून तृप्ती येत होती.

मी चाकांसकट श्वास रोखला. ती ताठ झाली असती तर सगळे संपले असते.

तृप्ती आणखी वाकली. तिने दोन लांब ढांगा टाकल्या. दीपकरावांनी डावीकडे हूल देऊन पक उजवीकडे ओढला, आणि क्षणभर ते खरोखरच तिच्या बाजूने निघाले. तेवढ्यात तिचा खांदा त्यांच्या खांद्याला घासला, काठीवर काठी वाजली आणि पक गेला. दीपकराव भोवऱ्यासारखे फिरले, बसले आणि गुडघ्याच्या पॅडवरून घसरत थेट माझ्या बाकापुढच्या कठड्यापाशी आले. तिकडे तृप्तीने गोल केला. खंडेराव हात वर करून ओरडले, "अगं पोरी, बाप हाय तो तुझा!"

ती वेगाने परत आली. "लागलं का, पप्पा?"

दीपकराव पाठीवर पडून हसत होते. हसता हसता त्यांना नीट बोलताही येत नव्हते. "तू... तू थांबली नाहीस!"

"कशी थांबणार?" धापा टाकत तृप्ती म्हणाली. "तुम्ही निसटत होतात!"

तिने हात पुढे केला. तो धरून ते उठले आणि सगळ्या रिंकला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐकलंत का? मी निसटत होतो!"

त्यानंतर माझी बेअरिंगे बदलली, चाकेही सिमेंटला टिकतील अशी कडक बसवली. एका सकाळी गोरक्ष सरांनी मला घातले. त्यांचे पाऊल मोठे, माझ्या मापाचे. पहिल्या वळणावर ते झुकले आणि मी पूर्ण त्यांच्याबरोबर गेले. मी वाईट नव्हते, मित्रांनो. मी दुसऱ्या पायांसाठी बनले होते, एवढेच. ते पाहून दीपकरावांनी मला रिंकला देऊन टाकले आणि स्वतःसाठी मापाची, मध्यम किमतीची, आरामशीर जोडी घेतली. ज्याचे पाऊल माझ्यात नीट बसते आणि ज्याला दोन्ही बाजूंनी आडवे थांबता येते, त्याला मी मिळते.

तुम्ही स्केट्स घ्याल तेव्हा दुकानात पाऊल आत घालून बघा. नुसता नंबर सांगून घेऊ नका. थांबायला येईपर्यंत टाचेच्या ब्रेकची लाज बाळगू नका. खेळ झाला की आम्हाला कोरड्या फडक्याने पुसा, लेस सैल करा आणि ओल्या पिशवीत कोंडू नका. पूजा अवश्य करा. झेंडू आम्हालाही आवडतो. फक्त पाणी दाखवू नका, एचटीपी तर नकोच नको.

आता मला निघायला हवे. पेठ तालुक्यातून शिकायला आलेली, गोरक्ष सरांइतक्याच मोठ्या पावलांची उज्वला नावाची मुलगी माझ्या लेस बांधते आहे. ती दोन्ही बाजूंनी थांबते, आणि निघते तेव्हा मागे वळून पाहत नाही. समोर दीपकराव पक घेऊन उभे आहेत आणि तिला ओरडून सांगताहेत, "काका समजून सोडू नकोस हं!"

ती सोडणार नाही. माझी चाके फिरू लागली आहेत.