खडकावर फेकलेली चौकट

मी एक चौकट बोलतेय. दाराची नाही आणि फोटोचीही नाही. चार पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या, चार कोपरे आणि मधे ताणलेल्या दोऱ्या, एवढीच मी. किनाऱ्यावरचे जीव मोजण्यासाठी माझा जन्म झाला.

मला घडवलं एका प्लंबरने आणि त्याच्या लेकीने. लेक समुद्री जीवशास्त्र शिकत होती. "आता समुद्राला नळ जोडणार का गं?" असं म्हणत बाबाने नळ्या कापल्या. कोपरे त्याने इतके पक्के चिकटवले, की पहिल्याच दिवशी मी बुडायचं सोडून डबक्यात तरंगत राहिले. लेकीने घरी येऊन कपाळावर हात मारला. "बाबा, हिच्यात पाणी शिरायला हवं!" जन्मभर गळत्या बंद करणाऱ्या त्या माणसाने मग माझ्या अंगाला मोठ्या हौसेने भोकं पाडली.

पुढे लेकीला एका संशोधन केंद्रात कंत्राटी नोकरी लागली. ओहोटीला खडक उघडे पडले की ती मला घेऊन निघायची. पाठ फिरवायची आणि मला खांद्यावरून मागे फेकायची. मी पडेन तिथं माझ्या आतले शंख, शिंपले, समुद्रफुलं मोजायची. न बघता फेकायचं, कारण बघितलं की माणसाचा हात आपसूक भरलेल्या जागेकडेच वळतो.

सोबतीला कुणी नसायचं. डबाही ती माझ्या शेजारी बसून खायची. कधी मावशीचा फोन यायचा. "मासे मोजतेस की विकतेस? विकलेस तर चार पैसे तरी हाती येतील!" ती हसायची. फोन ठेवल्यावर मात्र अर्धा डबा तसाच बंद करायची आणि "चल गं" म्हणून मला उचलायची.

हळूहळू मी उजाड खडकावरच जास्त पडू लागले. शिंपले मरत होते, नुसती टरफलं उरत होती. आणि केंद्राचे मोठे सर तर 'हा किनारा आम्ही वाचवला' म्हणून सभांमधून हार घालून घेत होते!

एकदा ते स्वतः खडकावर आले. मी कोरड्या कातळावर पडले होते. त्यांनी मला बुटाच्या टोकाने सरकवलं, थेट शंखांनी गच्च भरलेल्या कपारीवर.

"हं, मोज आता."

"सर, मी चौकट इथं नव्हती फेकली."

"अगं, हातभर इकडेतिकडे. समुद्राला काय कळतंय?"

"मग फेकायचं नाटक कशाला? खुर्ची टाकून बसा आणि हवे ते आकडे सांगा."

"माझे केस पिकलेत या किनाऱ्यावर!"

"केस पिकले म्हणून शिंपले वाढत नाहीत, सर."

सर थंडपणे म्हणाले, "कायम व्हायचंय ना तुला?"

तिने वाकून मला उचललं आणि परत कातळावर ठेवलं. कागदावर लिहिलं, शून्य.

तिला कायम केलं नाही. जाताना तिने मला मागितलं, तर भांडारातला बाबू म्हणाला, "नोंदवहीत चढलीय, चौकट आता केंद्राच्या मालकीची आहे, मॅडम." बाबाने चिकटवलेल्या कोपऱ्यावरून तिने एकदा बोट फिरवलं आणि ती गेली. ऐकते, की दूरच्या कुठल्या किनाऱ्यावर एका छोट्या संस्थेत ती पुन्हा मोजतेय. तिथं तिची नवी चौकट असेल. तिच्याशी ती बोलत असेल का?

मला आता कुणी फेकत नाही. सर बोट दाखवतात, तिथं मला अलगद ठेवतात. अहवालात किनारा बहरलाय. माझ्या आत शंखांची दाटी आणि बाहेर चहूकडे मेलेला कातळ. इतकी एकटी मी कधीच नव्हते.

उद्या म्हणे नवी मुलगी येणार आहे. मुली, सर बोट दाखवतील. तू खुशाल पाठ फिरव आणि मला फेक. पडू दे मला उजाड खडकावर, लागलं तर लागू दे. आणि तिथं काहीच नसेल, तर तसंच लिही.