चारवर अडलेली टाकी

नळी वाइनमध्ये दोनदा वरखाली झाली आणि थांबली. चार. काल चार, परवा चार, आठवडाभर चारच. द्राक्षाच्या रसातली साखर मोजायची ही काचेची नळी, तिच्या आत आकड्यांची कागदी पट्टी. आकडा शून्याखाली गेला की वाइन झाली. तो चारवर अडला म्हणजे रस आंबायचा मध्येच थांबला, आणि उरलेली साखर आज ना उद्या सगळी टाकी नासवणार. सुनेने नळी पुसून ठेवली आणि कपाळाला हात लावला.

टाकी तरी कसली, तर तिच्या हट्टाची. डोंगराच्या माथ्यावर तिने द्राक्षं लावली तेव्हा घरादाराने तिला वेड्यात काढलं होतं. दिवसा कातडी भाजणारं ऊन, रात्री बोटं गोठवणारा गारठा, तिथे काय डोंबल पिकणार? पिकलं ते असं: इवलीइवलीशी द्राक्षं, साल चांगली जाड, आणि त्या सालीचा रंग इतका गडद की भरल्या ग्लासातून पलीकडचं बोट दिसू नये. सात वर्षांनी हाती आलेली ही पहिली रेड वाइन, आणि तिची ही गत. नवरा फोनवर "बाबांना विचार" म्हणून मोकळा.

बाबा म्हणजे सासरे. त्यांनी चाळीस वर्षं खालच्या मळ्याची वाइन नुसत्या जिभेच्या जोरावर केली. सुनेच्या नळीची ते टर उडवायचे, "काय गं, ताप आलाय का वाइनला?" पण नेमके आता मूग गिळून बसले होते. ती रोज ग्लास पुढे करी आणि रोज नवं कारण ऐके. पोट बिघडलंय, दात ठणकतोय, आत्ताच कॉफी घेतली. म्हाताऱ्याने माथ्यावरच्या मळ्याचा डूख धरलाय, असं तिने मनाशी पक्कं केलं. तिने स्वतःही चाखून पाहिली होती. कधी कोरडी, म्हणजे साखर संपल्यासारखी, लागे, कधी गोड. घाबरलेल्या माणसाची जीभ ती, तिचं काय खरं?

शेवटी तिने व्हिनेगरच्या कारखान्याला फोन लावला आणि सगळी घेऊन जा म्हणून सांगितलं. दुपारी टँकर दारात उभा राहिला. ड्रायव्हर जाडजूड पाइप ओढत तळघरात उतरला, आणि त्याच्या मागोमाग बाबा.

"थांब जरा," ते म्हणाले.

"बाबा, आता नका काही बोलू. सात वर्षं बोललात तेवढं पुरे झालं."

"अगं, बोलत नाहीये, कबूल करतोय. तुझी ती नळी माझ्या हातून पडली. दहा दिवस झाले. उलटी होऊन डोक्यावर आपटली, पण रबराच्या पायपुसण्यावर. फुटली नाही, म्हणून गुपचूप ठेवून दिली."

"पण तुम्ही नळीला हात लावलातच कशाला?"

बाबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो समजून पायऱ्या चढून गेला.

"हिवाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून मला चवच लागत नाही. मीठ की साखर, तेही कळत नाही. म्हटलं, आधी नळीवर आकडा बघावा, मग तुझ्यापुढे चाखल्यासारखं करून सांगावं."

ती धावत नळाशी गेली, भांडं साध्या पाण्याने भरलं आणि त्यात नळी सोडली. साध्या पाण्यात शून्य दिसायला हवं. दिसले पाच. आतली पट्टी पाच घरं वर सरकली होती. म्हणजे वाइनचा चार हा चार नव्हताच, तो शून्याच्याही एक घर खाली होता. टाकी अडलीच नव्हती. आठवडाभर तयार होऊन बसली होती!

तिचा जीव भांड्यात पडला. ती एका उपड्या क्रेटवर बसली आणि हसता हसता रडायला लागली. खरं तर रागाने लाल व्हायला हवं होतं, आठवडाभर डोळ्याला डोळा नव्हता. पण राग काही येईना.

"म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात?"

"रागावतोय कसला! माझीच पाचावर धारण बसली होती. जीभ गेलेल्या म्हाताऱ्याला इथे कोण विचारणार?"

हे एकदाचं बोलून झालं आणि बाबांचेही खांदे सैल पडले. तिने टाकीची तोटी सोडून ग्लासात दोन बोटं वाइन घेतली आणि मोठा घोट घेतला. बाबा डोळे मिटून भिंतीला टेकले. "सांग."

"कोरडी. ठणठणीत कोरडी. आधी काळ्या मनुका, मग मिरी. तोंड कसं भरून टाकते."

"आणि गिळल्यावर?"

"हिरड्या आवळतात. तुरट आहे."

"कशी तुरट? कच्च्या केळ्यासारखी, की चहा जास्त उकळल्यासारखी?"

"चहासारखी."

"मग चांगली आहे." त्यांनी डोळे उघडले. "लाकडी पिंपात किती दिवस ठेवायची?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणालाही विचारला नव्हता. तिने घाई केली नाही. पुन्हा एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"दीड वर्ष."

"दीड तर दीड," बाबा म्हणाले, आणि ड्रायव्हरला पाइप गुंडाळायला सांगायला स्वतः पायऱ्या चढून गेले.