मागच्या बाकावरचा प्याला

"उद्या सिद्धूला पुन्हा प्रभुभोजनाला घ्यायचं ठरलंय, शालूबाई," पाळकसाहेब स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरूनच म्हणाले.

शालूबाईंनी मान वर केली नाही. भिजवून उकळलेला बेदाणा मलमलीच्या फडक्यात बांधून त्या पिळत होत्या. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरीबरोबर घ्यायचा, द्राक्षरस त्यांच्या लग्नापासून याच घरातून चर्चमध्ये जात आला होता. आज फडके कोरडे झाले तरी त्या पिळतच राहिल्या.

"कोर्टानं त्याला दोन वर्सं दिली," त्या म्हणाल्या. "देवानं किती दिली, ते तुमास्नी कुणी सांगितलं?"

"बाई, त्यानं चर्चच्या पंचमंडळीसमोर पाप कबूल केलंय. आणि त्या पापाची शिक्षा वधस्तंभावर भोगून झालीय. देवानं त्यासाठी स्वतःचा पुत्र दिला."

"त्याचा पुत्र तिसऱ्या दिवशी उठला, पाळकसाहेब. माझा विश्वजित उठला?"

पाळकसाहेब चहा न घेताच गेले.

विश्वजित हा शालूबाईंचा एकुलता एक मुलगा. ऊसतोडीचा हंगाम होता. दिवस मावळल्यावर कुंडलच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मागून आदळली आणि तो जागीच गेला. ट्रॉलीला ना दिवा होता, ना तांबडा रिफ्लेक्टर. ती भर रस्त्यात सोडून ट्रॅक्टर चालवणारा सिद्धू दारूच्या गुंगीत बांधावर आडवा झाला होता. आणि हा सिद्धू कुणी परका नव्हे. चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत शालूबाईंच्या पुढ्यात मांडी घालून दहा आज्ञा पाठ केलेला तो विश्वजितचा सवंगडी.

"आत्या, या खेपेला रस न्हाई केला तर कोण काय बोलणार हाय तुमास्नी?" सून सोनिया हळूच म्हणाली.

"रस समद्या मंडळीचा हाय. माझा राग त्यात कशाला कालवू? बाटली धुऊन आण."

रस त्या करणार होत्या. प्रश्न प्याल्याचा होता. मनात अढी ठेवून जो प्याला तोंडाला लावतो, तो आपल्यावर देवाची शिक्षा ओढवून घेतो, हे त्यांनी पोराबाळांना शिकवले होते. नळाच्या पाण्यावरून जावेशी भांडून आलेल्या तानुबाईला त्यांनी भर उपासनेत बाकावरून उठवले होते. "आदी जावंला भेटून ये, मग प्याल्याला हात लाव!" तानुबाई रडत गेली होती, आणि जावेला हाताशी धरून परत आली होती.

रविवारी सिद्धू सर्वांत मागच्या बाकावर बसला. त्या बाकावर दुसरे कुणी बसले नाही. पाळकसाहेबांनी नाव घेताच तो उठला.

"बत्ती लावाय पायजे हुती," तो म्हणाला. "मी लावली न्हाई."

एवढेच. दारूवर त्याने खापर फोडले नाही, दैवावर नाही. भाकर फिरली, मग चिमुकल्या प्याल्यांचे तबक फिरले. शालूबाईंनी आपला प्याला उचलला. बेदाण्याचा ओळखीचा वास नाकाशी आला. क्षणभर तो हातात धरून त्यांनी तसाच शेजारी बाकावर ठेवून दिला.

"आत्या, घ्या की," सोनिया कुजबुजली.

"तू घे. माझ्याकडं बघू नगंस."

उपासना संपली. उरलेला रस मोरीत जाऊ द्यायचा नाही, अंगणातल्या चाफ्याच्या मुळाशीच ओतायचा, हा शालूबाईंचा दंडक. आपला भरलेला प्याला हातात घेऊन त्या बाकामागून बाक आवरत गेल्या. शेवटच्या बाकावर आणखी एक प्याला होता, काठोकाठ भरलेला. तोही उचलून त्या बाहेर आल्या.

सिद्धू अंगणात सायकलचे कुलूप काढत होता.

"सिद्ध्या! पाळकसाहेबांनी दिलं ते का टाकलंस?"

"टाकलं न्हाई, बाई. मागनं समदं दिसतंय. तुमी प्याला उचलला आन् खाली ठेवला."

"माझं मी बघून घीन. तुला देवानं माफ केलंय म्हणत्यात न्हवं?"

"देवानं केलं आसंल. पर तुमी घेतल्याबिगर माज्या नरड्याखाली उतरायचं न्हाई."

"आन् तवर मी मेले तर?"

सिद्धूने मान खाली घातली. "मग ऱ्हायलं, बाई."

 शालूबाईंनी क्षमेचा शब्द मनात शोधला. तो तिथे नव्हता, आणि नसलेला शब्द जिभेवर आणणे त्यांना कधीच जमले नव्हते. चाफ्याशी जाऊन त्यांनी आधी आपला प्याला ओतला, मग त्याचा. तापलेल्या मातीने दोन्ही एका घोटात शोषून घेतले.

"मागच्या बाकाचा पाय डुगडुगतोय," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "फुडच्या खेपेला मधल्या बाकावर बस."

"व्हय, बाई."

तो सायकलवर बसून फाटकाबाहेर पडला, तेव्हा त्या वळल्या. सायकलच्या मडगार्डावर, कॅरिअरवर, सीटच्या मागे, जिथे बोटभर जागा होती तिथे त्याने तांबडे रिफ्लेक्टर चिकटवले होते. भर दुपारच्या लख्ख उन्हात ते सगळे लखलखत होते. रिकामे प्याले हातात घेऊन, तो तांबडा ठिपका उसाच्या वळणाआड जाईपर्यंत शालूबाई फाटकाशी उभ्या राहिल्या.